मोटर किती अँपिअर घेते? विहिरीवरच्या स्टार्टरपासून गच्चीवरच्या एसीपर्यंत

हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. एसटीत बसलाय, रेंज जातेय, हेडफोन घरी राहिलेत, तर निवांत वाचा. बोलताना मध्ये मध्ये आलेले माझे "म्हणजे बघा" तेवढे कमी केलेत. सगळे नाही.

आज सुरुवात एका वाक्यापासून.

"कॉम्प्रेसर गेलाय."

मे महिना, दुपारचे तीन, सांगलीचं ऊन. मेकॅनिक गच्चीवरून खाली येतो, घाम पुसतो आणि हे वाक्य बोलतो. दोनच शब्द, पण घरातल्या सगळ्यांचे चेहरे बदलतात. कारण एसीमधला सगळ्यात महाग भाग तोच. तो गेला म्हणजे बऱ्याचदा "नवीनच घेऊ या" इथपर्यंत विषय जातो.

पण मेकॅनिकला हे कळलं कसं? कॉम्प्रेसर म्हणजे चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला काळा लोखंडी डबा. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. त्यानं फक्त एका वायरभोवती चिमट्यासारखं मीटर अडकवलं, आकडा बघितला आणि निकाल दिला. आजची गोष्ट त्या आकड्याची आहे, आणि तो वाचायची विद्या आपल्या सातारा-सांगलीत एसी यायच्या कितीतरी आधी कशी आली त्याची.

माझ्या मामांचं सांगलीत फ्रीज-एसी रिपेअरिंगचं दुकान. शाळेच्या सुट्ट्या मी तिथंच काढल्या. त्यामुळे गोष्टीत मामा येणार, आणि त्यांची एक मोठी चूकही येणार. ती सांगायला त्यांनीच परवानगी दिलीय.

आधी थोडा भूगोल

आज सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे. पण १९४९ पर्यंत सांगली जिल्हा असा नव्हताच. त्या वर्षी जुना सातारा जिल्हा आणि आसपासची संस्थानं यांतून "दक्षिण सातारा" हा नवा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे आजोबांच्या कागदपत्रांत "दक्षिण सातारा" दिसलं तर दचकू नका.

याच पट्ट्यात, औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळ एक माळरान होतं. बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथला मुक्काम हलवावा लागला, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना ही जागा दिली. साल १९१०. त्या माळाची झाली किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर, चारा कापायची यंत्रं, आणि पुढे पाण्याचे पंप.

पंप का महत्त्वाचा? कारण पंपानं इथल्या शेतकऱ्याच्या हातात मोटर दिली. आधी ऑइल इंजिन होतं. त्याचा आवाज ऐकून, धूर बघून माणूस दुखणं ओळखायचा. मग वीज आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं. त्याच दशकात पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात उतरायला लागलं. कोयनेची वीज आधी मोठ्या प्रमाणात मुंबईकडे गेली, हे खरं. पण हळूहळू तारा गावात आल्या, मळ्यात आल्या, विहिरीवर आल्या.

आणि विहिरीवर आली एक पेटी. स्टार्टरची.

पेटीवरची काच

तुमच्यापैकी ज्यांचं रान आहे त्यांनी ही पेटी बघितली असणार. हिरवं बटण, लाल बटण आणि वर दोन गोल काचा. एक व्होल्टची, एक अँपिअरची.

माझ्या आजोबांचं शिक्षण चौथीपर्यंत. अँपिअर हे एका फ्रेंच शास्त्रज्ञाचं आडनाव आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पण रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन जायचे, हिरवं बटण दाबायचे आणि काच बघायचे. काटा एकदम टोकाला जाऊन लगेच खाली यायचा आणि आपल्या ठरलेल्या जागेवर थांबायचा. थांबला की आजोबा बांधावर जाऊन झोपायचे.

काटा टोकाला जाऊन तिथंच अडकला आणि मोटर नुसती गुणगुणली, तर लगेच लाल बटण. मोटर जाम आहे नाहीतर एक फेज गेलीय. काटा नेहमीपेक्षा थोडा वर असला, तर दुसरी काच बघायची. व्होल्टेज पडलंय का? कारण काम तेवढंच आणि व्होल्टेज कमी, तर मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी जळते. आणि काटा नेहमीपेक्षा खाली? म्हणजे मोटर फिरतेय, पण तिला काम नाही. विहिरीचं पाणी संपलंय, नाहीतर फूटव्हॉल्व्हमधून हवा घेतेय.

आता हे तीन आकडे लक्षात ठेवा. टोकाला अडकलेला, थोडा वरचा आणि खालचा. एसीच्या कॉम्प्रेसरची निम्मी तपासणी एवढ्यावरच चालते.

पहिल्या क्षणी काटा टोकाला का जातो? चिखलात रुतलेली बैलगाडी आठवा. हलवताना बैलांना सगळा जोर लावावा लागतो. एकदा चाक फिरलं की निम्म्या जोरात गाडी चालते. थांबलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फिरायला लागली की तिचं फिरणंच उलट दाब तयार करतं आणि करंट उतरतो. हे सगळं सेकंदाच्या आत. तो उतरलाच नाही, तर चाक चिखलातच आहे.

डबा बंद झाला

आता अमेरिकेत जाऊ. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्याची अडचण होती. दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं हवेतला दमटपणा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. आजचा एसी आपण तिथून मोजतो. म्हणजे एसी जन्माला आला तो कागदासाठी. माणसांचा नंबर नंतर लागला.

त्या काळातले कॉम्प्रेसर उघडे असायचे. मोटर बाहेर, पट्टा बाहेर, कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर. बिघाड डोळ्यांना दिसायचा. पण दांडा जिथून आत शिरतो तिथून गॅस गळायचा, आणि तेव्हाचे गॅस विषारी. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड. अशी यंत्रं घरात कोण ठेवणार?

यावर उपाय म्हणजे मोटरसुद्धा गॅसबरोबर आतच कोंडायची. दांडा बाहेर येणारच नाही, तर गळेल कुठून? फ्रान्समधले मार्सेल ओदिफ्रेन हे पेशानं धर्मगुरू. त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असं बंद यंत्र बनवण्याची वाट दाखवली. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा "मॉनिटर टॉप" फ्रीज आला आणि बंद डबा घराघरांत पोचला.

गळती थांबली, पण मेकॅनिकचे डोळे गेले. आता बाहेर फक्त दोन नळ्या आणि तीन पिना. कॉमन, स्टार्ट, रन. आतल्या मोटरशी बोलायचं तर या तीन पिनांमधूनच.

बंद वस्तूच्या आतलं बाहेरून ओळखायचं, हे सांगलीला तसं नवीन नाही. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचं हरिपूर आठवा. तिथं हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे. तोंड बंद, आत हवा नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, असा दंडक. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरायचा. आधी वाट बघायची, कंदील खाली सोडायचा, ज्योत टिकते का बघायचं. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं खराब झाली आणि आता माल जातो कोल्ड स्टोरेजला. तिथल्या मोठ्या कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर पुन्हा तीच अँपिअरची काच असते, आणि ऑपरेटर तिचे आकडे वहीत लिहून ठेवतो. कंदिलाची ज्योत गेली, काटा आला. आत न उतरता आतलं ओळखायची गरज तीच राहिली.

कराडचा काळा डबा

आता ही गोष्ट परत घरी येते. नांगर-पंप करणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्सनी अमेरिकेच्या कोपलँड कंपनीशी हात मिळवला आणि कराडमध्ये हे बंद डब्याचे कॉम्प्रेसर बनू लागले. किर्लोस्कर कोपलँड हे नाव जुन्या मेकॅनिकांच्या तोंडात अजून आहे. नंतर कारखाना इमर्सनच्या नावानं ओळखला जाऊ लागला. सातारा-कराड हायवेवर अतीतलाही कारखाना झाला. २०२३ मध्ये इमर्सननं या धंद्यातला मोठा हिस्सा विकला आणि कंपनीला पुन्हा कोपलँड हे जुनं नाव मिळालं. पुण्याहून सांगलीला येताना तुम्ही अतीतवरून किती वेळा गेला असाल! पुढच्या वेळी खिडकीतून बघा.

याच कोपलँडनं १९८७ मध्ये स्क्रोल कॉम्प्रेसर बाजारात आणला. त्यात पिस्टन नाही. चकलीसारखे दोन वेटोळे एकमेकांत बसवलेले. एक स्थिर, दुसरं गोल सरकणारं. त्यांच्या मधला गॅस बाहेरून आत ढकलला जात दाबला जातो. या कल्पनेचं पेटंट लेऑन क्रू या फ्रेंच माणसानं १९०५ मध्येच घेतलं होतं. पण धातूची चकली इतकी अचूक कापणारी यंत्रं यायला सत्तरचं दशक उजाडलं.

ही चकली लक्षात ठेवा. मामांची चूक तिच्यातच आहे.

चिमटा

पण आधी मीटर. स्टार्टरच्या पेटीवरचं मीटर वायरच्या वाटेतच जोडलेलं असतं. दुसऱ्याच्या गच्चीवरच्या एसीत ते कसं बसवणार? वायर तोडून?

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेडला दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे तारेभोवती चुंबकत्व तयार होतं. १८३१ मध्ये फॅरडेनं दाखवलं की बदलतं चुंबकत्व दुसऱ्या तारेत करंट तयार करतं. या दोन गोष्टी जोडल्या की झालं. तारेभोवती लोखंडी कडं अडकवायचं, कड्यावर गुंडाळलेल्या तारेतला करंट मोजायचा. वायर तोडायची गरज नाही, तिला हातसुद्धा लावायचा नाही.

या मीटरला आपल्याकडे सगळे "टंग टेस्टर" म्हणतात. मला लहानपणी वाटायचं, हे जिभेनं चव घेणारं काहीतरी आहे. खरा शब्द टाँग, म्हणजे सांडशी. चुलीवरचं पातेलं उचलायची ती.

मामांनी पहिल्यांदा माझ्या हातात दिलं तेव्हा मी ऐटीत अख्ख्या केबलला कडं अडकवलं. आकडा शून्य. "मामा, बंद आहे!" मामा हसले. केबलमध्ये जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी असतात. दोघींचा करंट सारखा आणि दिशा उलट, म्हणून बेरीज शून्य. कडं एकाच वायरभोवती हवं. "मीटर खोटं बोलत नाही," मामा म्हणाले, "पण तू विचारलंस काय, त्याचंच उत्तर देतं."

आकडे काय म्हणतात

साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी घ्या. चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर. तुमच्या मशीनचा नक्की आकडा नेमप्लेटवर असतो. पाठ केलेल्या आकड्यापेक्षा नेमप्लेट खरी.

आकडा शून्य. फॅन फिरतोय, कॉम्प्रेसर गप्प. मग डब्यावर संशय घेण्याआधी वायर जळलीय का, रिले चिकटतोय का ते बघायचं. आणि डबा हाताला चटका देण्याइतका गरम असेल, तर थांबायचं. आतलं ओव्हरलोड तापून उघडलेलं असू शकतं. गार व्हायला कधी कधी तास-दोन तास लागतात. घाईत तपासणारा त्यालाच "वायंडिंग तुटलं" म्हणतो.

आकडा टोकाला. गुणगुण होते, काही सेकंदांत ओव्हरलोड पडतं. हाच आजोबांचा अडकलेला काटा. डबा जाम असू शकतो. पण त्याआधी कपॅसिटर. आपल्याकडे त्याला कंडेन्सर म्हणतात आणि बाहेरच्या जाळीलाही कंडेन्सरच म्हणतात, त्यामुळे फोनवर गोंधळ होतो, तो वेगळा. कपॅसिटर ढेपाळला की मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. हा भाग काही शे रुपयांचा. मग व्होल्टेज. तेही मोटर सुरू होत असताना मोजलेलं, नुसतं उभ्या मशीनवर नाही.

आकडा थोडा वर. जाळी धुळीनं भरलीय, आउटडोअरला हवा मिळत नाही, गॅस जास्त भरलाय किंवा व्होल्टेज कमी आहे. कारखान्याच्या सीझनमध्ये काजळी उडणाऱ्या गावात जाळी धुतली तरी आकडा खाली येतो.

आकडा खाली. गॅस गळालाय, म्हणजे मोटरला दाबायला काही नाही. नाहीतर आतले व्हॉल्व्ह झिजलेत. नाहीतर आणखी एक कारण, आणि तिथंच मामा फसले.

२०१९

ऑगस्ट २०१९ चा महापूर. नदीकडच्या भागातल्या एका मंगल कार्यालयाचा तळमजला पाण्यात गेला. एसीचा मोठा आउटडोअर गच्चीवर होता, तो वाचला. खालचं पॅनेल बुडालं. पाणी उतरल्यावर मालकांनी एका वायरमनकडून पॅनेल नवीन करून घेतलं आणि मामांना बोलावलं.

मशीन सुरू झालं, पण खडखडाट मोठा आणि गारवा शून्य. नेमप्लेटवर १५ अँपिअर, मीटरवर ६. तिन्ही फेजवर सारखेच ६, म्हणजे वायंडिंग चांगलं. गॅसचे दोन्ही दाब जवळपास सारखे, म्हणजे मशीन दाबतच नाहीये. मामांनी हिशोब मांडला आणि म्हणाले, "आतून गेलाय. कॉम्प्रेसर बदलावा लागंल."

मालकांची गादी, भांडी, जनरेटर सगळं पुरात गेलेलं. तरी लग्नाचा सीझन धरायचा म्हणून त्यांनी उसनवारी करून ॲडव्हान्स दिला.

चार दिवसांनी दुकानात मामांचे एक जुने ओळखीचे काका आले. कॉम्प्रेसरच्या कामात आयुष्य गेलेला माणूस. मामांनी सहज सगळं सांगितलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"फेज बघितलास काय?"

"तिन्ही हायत की."

"हायत, पण कुठल्या क्रमानं? तुज्या रानातली मोटर उलटी फिरली, तर नवी मोटर आणतोस काय?"

मामा तसेच उठले. मी गाडी काढली.

तीन फेजमधल्या दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. आपल्याकडे हे पोराटोरांना माहीत आहे. डीपीचं काम झालं की दुसऱ्या दिवशी अख्ख्या शिवारातल्या मोटरी उलट्या फिरतात, पाणी कमी येतं आणि प्रत्येक जण दोन वायरी बदलतो. चकलीसुद्धा उलटी फिरली की गॅस दाबत नाही. नुसता आवाज, कमी करंट, गारवा नाही. असं होऊ नये म्हणून फेजवर लक्ष ठेवणारा रिले असतो, पण तो पुरात गेला होता आणि नवीन पॅनेलमध्ये बसवलाच नव्हता.

मेन बंद करून मामांनी दोन वायरी बदलल्या. मशीन सुरू केलं. आवाज बसला. मीटरवर १४ आणि काहीतरी. दहा मिनिटांत हॉलच्या जाळीतून गार हवा. नशीब, मशीन उलटं फार वेळ चाललं नव्हतं. नाहीतर चकली खरंच गेली असती.

ॲडव्हान्स त्याच संध्याकाळी परत गेला. मालक काही बोलले नाहीत, त्यांनी चहा दिला. परतताना मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विहिरीवर असतो तर पहिल्या मिनिटात वळकलं असतं. डबा बंद होता म्हणून मी त्याला वेगळं काहीतरी समजलो. आत मोटरच हाय की."

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचा अर्थ त्या शेवटच्या वाक्यात आहे. किर्लोस्करवाडीचा पंप, आजोबांची पेटी, कराडचा डबा. बाहेरचं लोखंड बदललं, आतली मोटर तीच. करंट तिची साक्ष देतो. पण साक्ष म्हणजे निकाल नाही. एकाच ६ च्या आकड्याला तीन वेगळी कारणं असतात, आणि दुसरी काच न बघता पहिल्या काचेवर निकाल दिला की भुर्दंड तिसऱ्याला पडतो.

आता तुमच्यासाठी

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे आकडाही सारखा वरखाली होतो. तिथं "८ पाहिजेत" हा हिशोब चालत नाही. पण कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरींतला करंट एकमेकांशी जुळायला हवा, ही जुनी कसोटी तिथंही लागू पडते.

स्वतः आउटडोअर उघडू नका. लाईट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतका चार्ज राहतो. तुम्ही फक्त विचारा. "कॉम्प्रेसर गेलाय" ऐकलं की शांतपणे चार प्रश्न. किती अँपिअर घेतला? नेमप्लेटवर किती आहे? तेव्हा व्होल्टेज किती होतं? कपॅसिटर मोजला का? मोठं थ्री-फेज मशीन असेल तर पाचवा, फेजचा क्रम बघितला का? चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तो बसून समजावतो.

मामांच्या बिलबुकात २०१९ पासून तीन रकाने वाढलेत. नेमप्लेट, अँपिअर, व्होल्ट. ते भरल्याशिवाय दुकानातलं कुठलंही पोरगं "गेला" हा शब्द वापरत नाही.

तुमच्या रानातल्या स्टार्टरवरची काच अजून चालू आहे का? फोटो पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.